बोर्डाची विहीर

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "सर, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा" असा निरोप अध्यक्षांकडून आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही इतिहासकार नव्हे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत 36 वर्षे मास्तरकी केली, शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो, आणि मधल्या काळात दोन वेळा आपल्या सोसायटीचा सचिव. इतिहास मला माहीत आहे तो दप्तराचा. कुठले रजिस्टर कुणाकडून कुणाकडे गेले, एवढाच.

पण गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जो विषय निघाला, त्यावरून वाटले की लिहावे. विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला होते: 'मागील बाजूची जुनी विहीर बुजवून त्या जागी बारा गाड्यांच्या पार्किंगची सोय करणे.' चर्चा तापली, वेळ संपली, विषय पुढच्या सभेवर गेला. त्या वेळी एका तरुण सभासदाने मला विचारले, "काका, तुम्ही एवढा विरोध का करता? आपल्या कंपाउंडमधली विहीर आपलीच ना?"

त्याला मी तिथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर समजावे. थोडे लांबण लागेल, कारण विहीर कुणाची हे सांगायचे तर आपला तालुका आणि आपला जिल्हा कितीदा कापला आणि शिवला गेला, तिथून सुरुवात करावी लागते.

कोळवण ते शहापूर

आपल्या तालुक्याचे जुने नाव कोळवण. 1866 साली ते बदलून शहापूर झाले. त्याच सुमारास नसरापूरचे कर्जत आणि संजाणचे डहाणू झाले. मोखाडा त्या काळी शहापूरचाच पेटा होता. आज मोखाडा दुसऱ्या जिल्ह्यात आहे हे मुलांना सांगितले तर त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, पण इथल्या कित्येक घरांच्या सोयरिकी अजून तिकडे आहेत.

जिल्ह्याच्या कडाही अशाच झिजत गेल्या. पनवेल 1883 साली आणि कर्जत 1891 साली कुलाबा जिल्ह्यात गेले. 1920 साली साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. स्वातंत्र्यानंतर जव्हार संस्थान विलीन होऊन ठाण्यात आले. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांतून तलासरी उभी राहिली. म्हणजे 2014 चे विभाजन ही काही पहिली वाटणी नव्हे. घरात वाटणी झाली की भांडी, गाय, आंब्याचे झाड आणि सावकाराचे देणे, सगळ्याचीच वाटणी होते. जिल्ह्याचेही तसेच. फरक इतकाच की घरच्या वाटणीत भाऊ समोरासमोर बसतात. सरकारी वाटणीत मालमत्ता एकीकडे असते, कागद दुसरीकडे आणि ती वापरणारा माणूस तिसरीकडे.

एक आणा

आपल्याकडची म्हातारी माणसे अजून 'बोर्डाची शाळा', 'बोर्डाचा रस्ता' म्हणतात. हे बोर्ड म्हणजे लोकल बोर्ड. त्याच्याही आधी लोकल फंड होता. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातले दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात पद्धत होती. शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांतून निघालेला तो आणा. सारा सरकारच्या तिजोरीत जायचा, पण हा आणा गावासाठी म्हणून वेगळा ठेवलेला होता. त्यातून धर्मशाळा, विहिरी, पायवाटा आणि शाळेच्या खोल्या झाल्या.

आपल्या मागच्या विहिरीच्या काठावर, उत्तरेच्या बाजूला, एक घडीव दगड आहे. शेवाळ खरवडले तर त्यावर 'लो. बो.' अशी दोन अक्षरे पुसट दिसतात. साल होते, ते झिजले. आपली इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी इथून बैलगाडीची वाट जात होती आणि बाजाराला जाणारी माणसे या विहिरीवर थांबून भाकरी खात, असे मी जुन्या लोकांकडून ऐकलेले आहे. म्हणजे त्या विहिरीचे पैसे तुमच्या-माझ्या मेंटेनन्समधून आलेले नाहीत. ते कुणा कुणब्याच्या, कुणा ठाकराच्या, कुणा कोळ्याच्या आण्यातून आले.

1 मे 1962

नंतरचा मोठा बदल जिल्हा परिषदांचा. वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला, 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. लोकल बोर्डे संपली. शाळा चालवणारे जिल्हा स्कूल बोर्डही संपले. शाळा, दवाखाने, रस्ते, जे काही बोर्डांचे होते ते जिल्हा परिषदेकडे आले. गावातल्या बारीकसारीक गोष्टी, म्हणजे पाणवठे, दिवाबत्ती, गावरस्ते, या 1958 च्या कायद्याने ग्रामपंचायतींकडे होत्या.

असा बदल करताना कायद्यात एक साधे तत्त्व असते. जुनी संस्था संपली की तिच्या जागी येणारी संस्था तिचे सगळे घेते. नुसती मालमत्ता नाही, तर कर्ज, करार आणि कोर्टात चालू असलेले दावेसुद्धा. त्यामुळे संस्था बदलली तरी मालमत्ता बेवारस होत नाही. तत्त्व चांगले आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकात नसून कपाटात असते: ती मालमत्ता कुठल्या तरी यादीत लिहिलेली पाहिजे. जे यादीत नाही ते वारसाला मिळत नाही. लिहिलेले नसेल तर ते हळूहळू ज्याच्या ताब्यात असेल त्याचे होऊन जाते.

हे मला पुस्तकातून नाही कळले. एका वाडीवर कळले.

वाडीवरची शाळा

माझी शेवटची शाळा मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका वाडीत होती. चार खोल्या, एक पडवी, पटावर साठ-पासष्ट मुले. शाळेत एक जडवस्तू संग्रह नोंदवही असते, डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात ते. त्यात घंटेपासून पृथ्वीच्या गोलापर्यंत सगळे लिहिलेले. लोखंडी कपाटे तीन, खुर्च्या सहा, वजनकाटा एक, पोषण आहाराची पातेली इतकी. पण शाळा ज्या अकरा गुंठ्यांवर उभी होती, ते अकरा गुंठे कुठेच लिहिलेले नव्हते. सातबारा वाडीतल्याच एका कुटुंबाच्या नावावर. आजोबांनी शाळेला जागा दिली होती, ती तोंडी. आपल्या दोन्ही तालुक्यांत अशा कित्येक शाळा आहेत. त्या काळी शब्द दिला म्हणजे दिला. कागद कशाला करायचा?

2014 च्या जूनमध्ये जिल्ह्याच्या विभाजनाचा निर्णय झाला आणि गावोगाव गप्पा सुरू झाल्या. एक दिवस त्या आजोबांचा नातू शाळेत आला. मुलगा वाईट नव्हता, माझाच विद्यार्थी. रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव चढलेले, त्याला कुणीतरी गिऱ्हाईक दाखवले होते. तो म्हणाला, "सर, राग मानू नका. पण जिल्हा परिषद आता फुटणार म्हणतात. जिला जागा दिली तीच राहिली नाही, तर जागा आमची आम्हाला परत यायला नको का?"

मी त्याला कायदा समजावला. मुरबाड ठाण्यातच राहतोय, जिल्हा परिषद तीच राहते, आणि दुसरी आली असती तरी शाळा तिची झाली असती. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे सर. पण दिल्याचा कागद दाखवा ना."

कागद नव्हता. तीन-चार रात्री मला झोप लागली नाही. खोट्या कशाला बोलू, शाळेपेक्षा जास्त भीती मला माझ्या रिटायरमेंटची वाटत होती. माझ्या चार्जमध्ये शाळेची जागा गेली, असे माझ्या नावावर लागू नये, हे डोक्यात होते.

शेवटी मी त्याच्या आजीकडे गेलो. ऐंशीच्या पुढची बाई. अंगणात नाचणी पाखडत होती. मी सगळे सांगितले. तिने सूप खाली ठेवले आणि नातवाला हाक मारली. म्हणाली, "अरे, तुझ्या आज्याने जागा परिषदेला नाय दिली, न बोर्डाला नाय दिली. वाडीच्या पोरांना दिली. पोरं हायत का नाय अजून?" एवढेच. नातू मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर बक्षीसपत्र झाले. दिवाळीच्या आधी नोंदणी झाली, फेरफार पडला आणि सातबाऱ्यावर शाळेसाठी जिल्हा परिषदेचे नाव लागले. नोंदणीच्या दिवशी त्या आजीला आम्ही जीपमधून नेले, तिच्या अंगठ्याची शाई पुसायला तोच नातू रुमाल घेऊन उभा होता. 31 मे 2015 ला मी निवृत्त झालो. (माझी जन्मतारीख 1 जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच आहे, गुरुजींच्या कृपेने.) चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी सगळ्यात वर लिहिले: 'जागा अकरा गुंठे, सातबारा सोबत जोडला आहे.' 36 वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेली सगळ्यात समाधानाची ओळ ती.

1 ऑगस्ट 2014

मधल्या काळात जिल्हा खरेच विभागला गेला. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला. जुन्या ठाण्यात 15 तालुके आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे एक कोटी दहा लाखांवर लोकसंख्या होती. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तिकडे गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे सात इकडे राहिले.

विभाजन हवेच होते, यात मला शंका नाही. तलासरी किंवा मोखाड्याच्या माणसाला एका सहीसाठी ठाणे गाठायचे म्हणजे दिवस मोडायचा आणि रोजही बुडायचा. नव्या जिल्ह्याला पालघरजवळ सिडकोने मुख्यालय बांधून दिले, ते 2021 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. म्हणजे जिल्हा झाल्यानंतर सात वर्षांनी. जिल्हा एका अधिसूचनेने होतो, पण त्याचे कपाट, टेबल आणि रेकॉर्ड रूम व्हायला वर्षे लागतात.

कर्मचाऱ्यांकडून विकल्प मागवले, ठाणे की पालघर. सगळ्यांनाच हवे ते मिळणे शक्य नव्हते. शाळांच्या भिंती हलल्या नाहीत, माणसे हलली. नवरा इकडे, बायको तिकडे, अशी शिक्षक जोडपी मी पाहिली आहेत. मालमत्तेच्या यादीत माणसाची नोंद नसते, पण दप्तर कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असते. जुना कारकून बदलून गेला की 'ती फाइल दुसऱ्या कपाटात खालच्या कप्प्यात' हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

आपल्या बाजूला काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. सात तालुके राहिले खरे, पण ठाणे आणि उल्हासनगर पूर्ण शहरी. जिल्हा परिषदेच्या वाट्याला पंचायत समित्या राहिल्या पाच: शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ. म्हणजे आता ठाणे जिल्हा परिषद ही मुख्यतः आपल्यासारख्या गावांची संस्था झाली. पण तिचे मुख्यालय ठाणे शहरात, बी. जे. हायस्कूलसारखी तिची जुनी शाळाही ठाणे शहरात. ज्या शहरात तिची मोलाची मालमत्ता आहे तिथल्या मतदाराला तिच्यासाठी मत नाही, आणि ज्याला मत आहे तो आसनगावहून पन्नासेक किलोमीटर लोकलने उभ्याने जातो. अशा जागांचा निर्णय घेताना त्यांच्याकडे डोळा ठेवायचा कुणी? हा प्रश्न कुणा एका पक्षाचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

त्यातच निवडणुकीचे. पालघर जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी 2015 मध्ये झाली. ठाण्याची झाली ती डिसेंबर 2017 मध्ये. तोवर प्रशासक. निवडून आलेल्यांची मुदत 2023 च्या सुरुवातीला संपली, पुन्हा प्रशासक. प्रशासक वाईट असतो असे नाही. पण आपल्या गटातल्या पडक्या शाळेबद्दल, निकामी पंपाबद्दल सभेत उठून विचारणारा माणूस त्या काळात नसतो.

धरणे आणि गावे

एक गोष्ट मात्र विभाजनाने बिलकुल हलली नाही. आपली धरणे. तानसा 1892 पासून मुंबई महापालिकेचे. भातसा पाटबंधारे खात्याचे. मुरबाडच्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते बारवी एमआयडीसीचे. ठाणे जिल्हा राहो नाहीतर फुटो, मालकांची नावे कागदावर पक्की होती, त्यामुळे कुणाचा एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. आणि धरणांच्या या तालुक्यात मे महिन्यात पाड्यांवर टँकर येतो, तोही तसाच येत राहिला. मालमत्ता आपल्या गावात असणे आणि ती आपली असणे यात किती अंतर आहे, हे शहापूरकराला वेगळे शिकवावे लागत नाही.

याच्या उलट उदाहरण कल्याणजवळच्या 27 गावांचे. 1983 साली कल्याण महापालिका झाली तेव्हा ती गावे आत घेतली. 2002 साली बाहेर काढली. 2015 साली पुन्हा आत. 2020 साली त्यातली 18 पुन्हा बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आता विचार करा: त्या गावांतली शाळा, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, गावतळे यांची यादी कितीदा लिहावी लागली असेल? दर वेळी लिहिताना एखादी ओळ गळते. ज्याला गळायला हवी असते, तो त्याच ओळीची वाट पाहत असतो.

वाटणी न करताही चालते, याचेही उदाहरण आपल्याकडेच आहे. ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. जिल्हे दोन झाले तरी बँक एकच राहिली आणि दोन्हीकडे काम करते. आपण सहकारातली माणसे आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सरपंच गेले, नगराध्यक्ष आले

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचे धोरण राज्याने घेतले आणि शहापूर, मुरबाड दोन्हीकडे ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, 17 नगरसेवक. बांधकाम परवानगी, कर आकारणी, विकास आराखडा हे सगळे वेगळ्या कायद्याखाली आले. शहरासाठीचा निधी मिळण्याची वाट मोकळी झाली. या गोष्टी चांगल्याच.

पण काही गेलेही. ग्रामसभा गेली. ती कशी का भरेना, गावातल्या बाईला उठून "आमच्या विहिरीवर त्याने पंप का लावला?" असे विचारता येत होते. रोजगार हमीची ग्रामीण योजना हद्दीतल्या पाड्यांना बंद झाली. आणि हद्दीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतांशी जिल्हा परिषदच चालवते, पण त्या शाळेत मूल घालणाऱ्या बापाला आता जिल्हा परिषदेसाठी मत नाही. मालमत्ता एका संस्थेची, मतदार दुसऱ्या संस्थेचा.

या बदलात आपल्या विहिरीचे काय झाले? इथे मला सभासदांपुढे एक कबुली द्यायची आहे.

ग्रामपंचायतीच्या जुन्या यादीत ती विहीर 'सार्वजनिक विहीर' म्हणून होती. सचिव असताना मी तिची नक्कल मागून घेतली होती. पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यावर मालमत्तांची नव्याने मोजणी झाली. मोजणीचा कर्मचारी आपल्या गेटवर आला तेव्हा दुपारची वेळ, कमिटीतले कुणी हजर नव्हते. त्याने विचारले, आत विहीर आहे का? आपल्या माणसाने सांगितले, "हो, सोसायटीची आहे." त्याने तसेच लिहून घेतले. त्याची काय चूक? दुरुस्ती करायला मी ती जुनी नक्कल शोधायला गेलो, तर सोसायटीच्या कपाटात फाइलच नव्हती. कारण दोन कमिट्या बदलल्या होत्या आणि त्यात एकदाही चार्ज यादी झालेली नव्हती. किल्ली दिली, पासबुक दिले, चहा झाला, संपले. सरकारने वाटणीत कागद हरवले म्हणून आपण बोटे मोडतो. आपण चोवीस फ्लॅटची सोसायटी. आपल्यालाही ते जमले नाही.

फाइल सापडली ती आपल्या दिवंगत खजिनदारांच्या घरी. ते गेल्यानंतर दीड वर्षाने वहिनींनी मला बोलावले. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून म्हणाल्या, "भाऊजी, हे सोसायटीचं काहीतरी आहे. ह्यांनी सांगितलं होतं, रद्दीत टाकू नको." आत नोंदणीचा दाखला, एनए ऑर्डर, मंजूर नकाशा, पहिल्या सभेचे इतिवृत्त, आणि मी केलेली ती नक्कल. नकाशावर विहीर स्पष्ट दाखवलेली आहे, आणि तिच्यापर्यंत जाणारी दहा फुटांची वाटही. त्या वाटेवर आज आपली मीटर रूम आहे.

मग विहिरीचे काय?

आता त्या तरुण सभासदाचे उत्तर. बाळा, विहीर आपल्या कंपाउंडमध्ये आहे, पण आपली नाही. आपण तिच्याभोवती कंपाउंड बांधले. लोकल बोर्ड गेले, जिल्हा परिषद आली, ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली, या सगळ्यातून ती टिकली ती कुणीतरी दर वेळी एक ओळ लिहिली म्हणून. शेवटच्या वेळी ती ओळ चुकली, ती आपल्या गेटवर. पार्किंगची अडचण मला दिसत नाही असे नाही. माझा मुलगाही गाडी रस्त्यावर लावतो. पण 2019 च्या उन्हाळ्यात नळाला आठवडाभर पाणी नव्हते, तेव्हा आपण आणि मागच्या चाळीतल्या बायका त्याच विहिरीवर रांगेत उभे होतो, हे आठवत असेल. कायद्याने विचाराल तर तिची चुकीची नोंद कदाचित आपल्या पथ्यावर पडेल. वाडीवरच्या त्या नातवाच्याही पथ्यावर पडत होती.

पुढच्या सभेसाठी मी चार सूचना लेखी देत आहे. एक, विहिरीची नोंद 'सार्वजनिक' अशी दुरुस्त करून द्यावी, असा अर्ज सोसायटीनेच, आपल्या लेटरहेडवर, नकाशा आणि नक्कल जोडून करावा. दोन, चाळीच्या बाजूला फाटक ठेवून वाट मोकळी करावी. मीटर रूम हलवता येते, इलेक्ट्रिशियनला विचारले आहे. तीन, कमिटी बदलताना चार्ज यादी झाल्याशिवाय सह्या करू नयेत, आणि यादीच्या पहिल्या पानावर जमिनीचे कागद असावेत. चार, आपले मानीव अभिहस्तांतरण अजून बाकी आहे. सोसायटी 25 वर्षांची झाली, पण इमारतीखालची जमीन सातबाऱ्यावर अजून बिल्डरच्याच नावाने आहे. उद्या आपल्याला कुणी म्हणाले, "कागद दाखवा ना," तर आपण काय दाखवणार?

अर्ज मी लिहून ठेवला आहे. अध्यक्षांच्या सहीची जागा मोकळी आहे.

गेल्या पावसाळ्यात मी आणि दोन-चार मुलांनी मिळून तो उत्तरेकडचा दगड घासून काढला. 'लो. बो.' आता लांबूनही वाचता येते. मुले विचारत होती, "आजोबा, लो. बो. म्हणजे काय?" सांगितले. त्यातल्या एकीने विचारले, "मग ते आण्यावाले लोक कुठे गेले?" मी म्हटले, इथेच आहेत. मागच्या चाळीत जाऊन बघ.

(लेखक सोसायटीचे माजी सचिव व निवृत्त मुख्याध्यापक आहेत.)